पडद्यावर रक्त, खुर्च्यांत हसू

सिनेमाचं खरं परीक्षण वर्तमानपत्रात छापून येत नाही, ते इंटरव्हलमध्ये ऐकू येतं. बटाटेवड्याच्या काउंटरपाशी, पाण्याच्या कूलरजवळ आणि सगळ्यांत जास्त बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत. घरगुती चित्रपट असला तर सुनेच्या साड्या आणि सासूचा स्वभाव यांवर चर्चा होते. पण भुताखेतांचा, रक्तामांसाचा आणि वरून हसवणारा सिनेमा असला की बोलण्याचा नूरच पालटतो. एक म्हणते, ‘‘मी तर डोळेच मिटून घेतले होते बाई, मग हसले केव्हा कोण जाणे!’’ दुसरीच्या पोटात ढवळत असतं, तिने हातातला वडा तसाच ठेवलेला असतो. तिसरीची तक्रार निराळीच. ‘‘आमचे पोट्टे खो-खो हसत होते, अन् माझ्या पोटात गोळा!’’

पुलगावच्या बायकांची ही चर्चा इंटरव्हलपुरती थांबत नाही. नवा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा तर पुष्कळदा वर्ध्याला, नाहीतर थेट नागपूरला जाणं होतं, आणि परतीच्या गाडीत खिडकीशी बसून पुन्हा सगळा सिनेमा उगाळला जातो. एकच चित्रपट, एकाच रांगेत बसून पाहिलेला. तरी आजी, सून आणि नातू यांना तीन वेगळ्या जागी भीती वाटलेली असते आणि तीन वेगळ्या जागी हसू आलेलं असतं. असं का व्हावं, हा प्रश्न गमतीचा आहे. आणि घरात लहान मुलं असतील तर नुसता गमतीचाही नाही.

भीती आणि हसू यांची मिसळ मराठी प्रेक्षकाला नवी नाही. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्ड्यांच्या लक्ष्याच्या मागे लागतो. बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला. त्या वेळी जी मुलं पाच-सहा वर्षांची होती ती आज स्वतः आई-बाप आहेत, तरी कपाटावरच्या बाहुलीकडे पाठ करून झोपायला आजही तयार नाहीत! त्यांचे आई-वडील मात्र लक्ष्याची तारांबळ बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

‘मुंज्या’ २०२४ च्या जूनमध्ये आला, तेव्हा उलट झालं. संगणकावर घडवलेला तो विद्रूप पोरगा बघून शाळकरी मुलं किंचाळली नि लगेच हसलीही, पण साठीच्या पुढच्या बायका शांत होत्या. मुंजा पिंपळावर राहतो, मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी गेलेल्या मुलाचा तो आत्मा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. घरच्या ओळखीचं भूत ते, त्याला काय भ्यायचं? ‘स्त्री’मध्ये (२०१८) तर बायकांच्या हसण्याला एक वेगळीच धार होती. अंधार पडल्यावर घराबाहेर पाऊल टाकायला पुरुष घाबरतात, जीव वाचवायला बायकांचे कपडे चढवतात, हे बघून बायका जितक्या मनापासून हसल्या तितके शेजारी बसलेले त्यांचे यजमान हसले असतील असं वाटत नाही. रात्री एकटीने स्टेशनवरून घरी येण्याची धास्ती जिने रोज अनुभवली आहे, तिला तो विनोद समजावून सांगावा लागत नाही.

आता थोडं ‘झोंबिवली’विषयी, कारण आपल्याकडचा रक्ताळलेला विनोदी भयपट म्हणून हाच पहिला डोळ्यांसमोर येतो. ‘मुंज्या’चेच दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांचा हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी लागला. डोंबिवलीच्या नव्या, मोठ्या सोसायटीत एक इंजिनियर (अमेय वाघ) आणि त्याची गरोदर बायको (वैदेही परशुरामी) राहायला येतात. भिंतीपलीकडे झोपडवस्ती, तिथला तरुण पुढारी ललित प्रभाकर, आणि सगळ्या रामायणाच्या मुळाशी पाणी. मग माणसं झोंबी होऊ लागतात, म्हणजे मेलेली असून चालणारी आणि जिवंत माणसाला चावणारी. जो चावला गेला तोही तसाच होणार. हा सिनेमा लागला तेव्हा राज्यातल्या चित्रपटगृहांना निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती. एक सोडून एक खुर्ची, तोंडाला मास्क, आणि पडद्यावर एकापासून दुसऱ्याला होणारा रोग! करोनात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं, त्यांना त्या लागणीचं हसू कुठून यावं? काहींना मात्र आलं, आणि हसून फार मोकळं वाटलं. दोघींचंही खरंच आहे.

पुरुष मंडळी अमेय वाघच्या फजितीवर टाळ्या देत होती तेव्हा बायकांचं सगळं लक्ष त्या गरोदर पोरीकडे होतं. ती जिना कशी उतरेल, तिला धक्का तर लागणार नाही ना, ही काळजी. रक्ताने माखलेल्या दहा तोंडांनी जे झालं नाही ते त्या एका पोटाने झालं. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बाईला पडद्यावरचं रक्त फारसं घाबरवत नाही, असं माझं मत आहे. महिन्याच्या महिन्याला आणि मुलांच्या फुटलेल्या ढोपरांवर ती ते बघतच असते. तिला घाबरवायचं तर तिचं माणूस संकटात घालावं लागतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. आपल्याकडे भुतं मुबलक, पण परग्रहावरून चालून येणारा शत्रू जवळजवळ नाहीच. ‘कोई... मिल गया’मधला (२००३) जादू तरी किती गोड! उन्हावर जगणारा, मुलांशी खेळणारा. हडळ, वेताळ, मुंजा, ब्रह्मराक्षस एवढी मंडळी घरचीच असताना उडत्या तबकडीतून पाहुणे बोलावण्याची गरजच कुणाला वाटली नसावी.

तसे पाहुणे आता मुलांच्या मोबाइलमधून येतात. कॉलेजातल्या पोरांत ज्यांची नावं फिरतात त्यांतला एक जुना चित्रपट न्यूझीलंडचा, ‘बॅड टेस्ट’. नावाचा अर्थच हीन अभिरुची. समुद्राकाठचं एक छोटं गाव, तिथली सगळी माणसं नाहीशी झालेली. परग्रहवासी येऊन त्यांचं मांस आपल्या ग्रहावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांसाठी डब्यांत भरताहेत, अशी कथा. कवटी फुटलेला एक नायक आपला मेंदू बाहेर पडू नये म्हणून डोक्याला पट्टा आवळून लढत राहतो. मुलं हसून लोळतात. तुम्ही-आम्ही दहा मिनिटांत उठून भाजी निवडायला जाऊ, आणि त्यात काही चुकीचं नाही.

पण या चित्रपटाची जन्मकथा आपल्या जिव्हाळ्याची आहे. पीटर जॅक्सन नावाचा विशीतला मुलगा वेलिंग्टनच्या एका वर्तमानपत्राच्या छपाई विभागात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून चित्रीकरण करायचा. असं चार वर्षं चाललं. परग्रहवासीयांचे रबरी मुखवटे त्याने भाजले कुठे, तर आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये! त्या माउलीने केक आणि पाव बाजूला ठेवून ओव्हनमध्ये राक्षसांची डोकी कशी भाजू दिली असतील, याची कल्पना करून बघा. आपण शेगडीला हात लावू दिला नसता. १९८७ मध्ये तो चित्रपट पुरा झाला. पुढे याच मुलाने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग केले आणि २००४ साली त्यांतल्या तिसऱ्या भागाला अकरा ऑस्कर मिळाले. मुलांना हे जरूर सांगावं. राक्षसाचं डोकं ओव्हनमध्ये भाजून निघालेलं आहे हे कळलं की त्याची निम्मी भीती उतरते.

म्हणजे निदान मोठ्या मुलांची. लहानांचं तसं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कँटर यांनी मुलांच्या अशा भीतीचा अनेक वर्षं अभ्यास केला. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेत एक सज्जन माणूस संकटाच्या वेळी हिरवा, अक्राळविक्राळ होतो आणि दुष्टांना झोडपतो. मोठ्या मुलांना ठाऊक असतं की हा आपलाच माणूस आहे. तीन ते पाच वर्षांची पोरं मात्र त्याचं रूप पालटू लागलं की सर्वांत जास्त घाबरत. त्या वयात दिसतं तेच खरं. ‘‘अगं, ते खोटं असतं’’ हे आपलं वाक्य तिथे पोचतच नाही. त्यापेक्षा उचलून बाहेर न्यावं, पाणी पाजावं, मांडीवर घ्यावं. ते पोचतं.

याच कँटरबाईंचा दुसरा निष्कर्ष मला फार विचारात पाडून गेला. १९८३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत दूरदर्शनवर ‘द डे आफ्टर’ नावाचा चित्रपट दाखवला गेला. कॅन्सससारख्या साध्या भागावर अणुबॉम्ब पडल्यावर काय होईल, हा त्याचा विषय. लहान मुलं त्याने सर्वांत कमी हादरली, मोठी मुलं जास्त, आणि सर्वांत जास्त हादरले ते त्यांचे आई-वडील! पडद्यावर भेसूर चेहरे फार नव्हते. पण जे दाखवलं ते खरंच होऊ शकतं, एवढं समजायला वय लागतं.

पुलगावात राहणाऱ्या बाईला याचा पुरावा विद्यापीठातून आणावा लागत नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा कोठारांपैकी एक आपल्या उशाशी आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, स्फोट झाले, आसपासच्या खेड्यांतली माणसं मुलांना उचलून रात्रीच घराबाहेर पडली. अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेले कर्मचारी मिळून पंधराहून अधिक जीव गेले. मग २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात पुन्हा स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत रोजंदारीवर गेलेली जवळच्या गावांतली माणसं होती.

तेव्हा पडद्यावर तबकडी फुटते, परग्रहवासीयांच्या चिंधड्या उडतात, सगळं थिएटर हसतं, आणि एखादी बाई खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेली असते. तिला कोपराने ढोसून ‘‘अगं, विनोद आहे तो!’’ असं सांगू नये. तिला तो दिसलेला आहे. तिच्या कानांत मात्र दुसरा आवाज वाजतो आहे. भीतीने छातीत धडधडतं, हात गार पडतात, आणि आपण सुरक्षित आहोत हे कळलं की तीच धडधड हसण्यावाटे बाहेर पडते. जत्रेतल्या उंच पाळण्यात आपण किंचाळतो नि हसतो ते असंच. पण पाळणा खाली येणार याची खात्री हवी. ज्या भीतीचा पाळणा एकदा खाली आलाच नाही, तिचं हसू होत नाही. घरातल्या कुणी असा सिनेमा मध्येच सोडला तर भित्री म्हणून चिडवण्याआधी, कुठे घाबरलीस एवढं विचारून बघावं. मुलंसुद्धा या निमित्ताने अशा गोष्टी बोलून जातात, ज्या एरवी महिना-महिना विचारून सांगत नाहीत. रिक्षावाले काका ओरडतात, शाळेच्या मागच्या विहिरीची भीती वाटते, असं काहीतरी. भुताच्या आडून ते बाहेर येतं.

आणि हो, जेवत नाही म्हणून बागुलबुवाला हाक मारायची, झोपत नाही म्हणून पोलीस बोलवायचा, आणि सिनेमाने मुलं भित्री होतात म्हणून ओरड करायची, हे काही बरोबर नाही!

सिनेमाला निघण्याआधी प्रमाणपत्र बघण्याची सवय मात्र हवी. आपल्या तरुणपणी ‘यू’ आणि ‘ए’ एवढंच असायचं, १९८३ पासून ‘यूए’ आलं. २०२४ पासून त्या ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग झाले आहेत. आकडा पोस्टरवर आणि तिकिटाच्या अ‍ॅपवर दिसतो. सातचा आकडा म्हणजे सात वर्षांखालच्या मुलाला नेताना आई-वडिलांनी विचार करावा. बंदी ती नव्हे. ‘ए’ला मात्र अठरा वर्षांखाली प्रवेशच नाही. मोबाइलवरच्या चित्रपट-मालिकांना हेच आकडे २०२१ च्या नियमांनी लागू आहेत आणि तेराच्या पुढच्या चित्रपटांना पालकांनी कुलूप लावण्याची सोय देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. थिएटरच्या दारात निदान तिकीट तपासणारा उभा असतो. घरात तो आपल्यालाच व्हायचं असतं, म्हणून हे कुलूप मोठ्या मुलाकडून न लावून घेता स्वतः शिकून लावावं. लहानांना नेलंच तर कडेच्या खुर्च्या घ्याव्या, पटकन उठता येतं.

सात-आठ वर्षांच्या मुलांना एक खेळ फार आवडतो, पडद्यावरचं रक्त घरी करण्याचा. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता, चित्रपट कृष्णधवल होता म्हणून खपून गेलं. आपल्याला लाल हवं. वाटीभर साखरेचा दाटसर पाक करून गार होऊ द्यावा, त्यात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर घालावी. कोकोने तो भडक लाल उतरून खऱ्यासारखा काळपट होतो. फार पातळ वाटला तर चमचाभर कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात शिजवून मिसळावं. ज्या पोराने स्वतःच्या हाताने हे रक्त ढवळलं आणि चाटून बघितलं, ते पुढच्या सिनेमात आईचा पदर धरत नाही, उलट शेजारच्याला कृती सांगत बसतं. स्नेहसंमेलनातल्या नाटकालाही उपयोगी पडतं. फक्त हा उद्योग जुन्या कपड्यांवर करू द्यावा. हळदीचा डाग उन्हात उडून जातो, खाण्याच्या रंगाचा तसा जात नाही. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पडलाच तर लगेच गार पाण्याच्या धारेखाली धरावा, आणि डाग पुरता जाईपर्यंत शर्टाला गरम पाणी किंवा इस्त्री लागू देऊ नये.