आपला पाऊस, सहा किलोमीटरच्या चौकोनात

सोलापूरला समुद्र नाही, मग वादळांचा अंदाज सांगणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलशी आपला काय संबंध? असं वाटत असेल, तर ऑक्टोबर २०२० आठवा. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, वर्ग मोबाइलवर भरत होते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं अतितीव्र क्षेत्र तयार झालं होतं. चक्रीवादळ व्हायला एकच पायरी कमी. १३ ऑक्टोबरला ते काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगणा ओलांडलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्ह्यावर बरसलं. पंढरपुरात चंद्रभागेकाठी कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला.

अशा वेळी ‘मध्य महाराष्ट्रात मुसळधार’ एवढंच कळून भागत नाही. कुठल्या तालुक्यात, कधीपासून आणि किती, हे हवं असतं. मॉडेल अपग्रेड करण्याची सगळी धडपड त्यासाठीच असते.

चौकोन लहान झाला

मॉडेल म्हणजे काय, तर हवेचं गणित. पृथ्वीवर एक जाळी पसरायची, तिच्या प्रत्येक घरात तापमान, वारा, दाब, बाष्प यांचे आकडे भरायचे आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढच्या काही मिनिटांत काय होईल ते काढायचं. मग त्या पुढची काही मिनिटं. असं करत करत दहा दिवस गाठायचे.

आपल्याकडचं जागतिक मॉडेल आधी १२ किलोमीटरच्या जाळीवर चालायचं. २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली आणि जाळी ६ किलोमीटरवर आली. हे मॉडेल तयार झालं पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये. अमेरिका आणि युरोपची जागतिक मॉडेल्स साधारण ९ ते १४ किलोमीटरच्या जाळीवर चालतात.

सोयीसाठी जाळीचं घर चौकोनी धरा. आपला जिल्हा सुमारे १४,९०० चौरस किलोमीटरचा. जुन्या जाळीत त्यावर साधारण १०३ चौकोन बसायचे, नव्या जाळीत ४१४ बसतात. एका चौकोनाला पावसाचा एकच आकडा मिळतो. म्हणजे सात रस्ता आणि केगावचं विद्यापीठ जुन्या हिशोबात एकाच चौकोनात येऊ शकत होते. सात रस्त्यावर धो धो आणि केगावला कोरडं, असं आपण कितीदा बघतो! मॉडेलला तो फरक दिसायचाच नाही.

फुकट काही मिळत नाही

चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय प्रत्येक पाऊल निम्म्या वेळाचं टाकावं लागतं, नाहीतर गणित भरकटतं. म्हणजे काम जवळपास आठपट! त्यासाठी मशीनही तसंच लागतं. पुण्यातल्या ‘प्रत्युष’ची क्षमता ४ पेटाफ्लॉप होती. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘अर्का’ची ११.७७ आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्य इतकी गणितं.

तरी एक अडचण उरतेच. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी उठणारा वळवाचा ढग दोन-तीन किलोमीटर रुंदीचाही असतो. तो सहाच्या जाळीतून निसटतो. त्याचा परिणाम सूत्रांनी अंदाजे धरावा लागतो आणि ती सूत्रं सुधारायला खरे ढग मोजावे लागतात. यात सोलापूरचा थेट वाटा आहे, बरं का! २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आयआयटीएमने कृत्रिम पावसाचा प्रयोग इथेच केला. विमानं ढगांत शिरली, जमिनीवरून रडारने नजर ठेवली. पर्जन्यछायेतले ढग कसे वाढतात आणि कधी नुसतेच निघून जातात, याच्या नोंदी त्यातून मिळाल्या.

आता तुमचं काम

अंदाज मॉडेलमधून निघतो, पण त्याचा निर्णय घरात होतो. डाळिंबावर आज फवारणी करायची की उद्या? बेदाण्याच्या शेडला ताडपत्री बांधायची का? काढलेला उडीद रानातच ठेवायचा का? तुमचे वडील, काका हे रोज ठरवतात आणि बऱ्याचदा त्यांच्या हाती व्हॉट्सॲपवर फिरणारा, तारीख नसलेला मेसेज असतो.

इथे तुम्ही उपयोगी पडू शकता. हवामान विभागाचं ‘मौसम’ आणि शेतीसल्ल्याचं ‘मेघदूत’ ही ॲप्स फोनमध्ये घ्या. तुमच्या महसूल मंडळात ‘महावेध’चं स्वयंचलित हवामान केंद्र कुठे आहे ते शोधा. मग एक पावसाळाभर वहीत दोनच रकाने ठेवा: अंदाज काय होता आणि पडला किती. अंदाज कधी जमतो, कधी चुकतो, हे महिन्याभरात कळायला लागेल. दोन दिवसांच्या आणि आठ दिवसांच्या अंदाजावर सारखाच भरवसा का ठेवायचा नाही, हेही समजेल.

आणि बीएस्सीला गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर असेल तर ही वही म्हणजे तुमचा पहिला प्रोजेक्ट समजा. अशा मॉडेल्सचा मोठा भाग आजही फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे, जी भाषा ‘जुनी’ म्हणून कुणी शिकत नाही. जाळी सहावरून तीनवर आणायला उद्या माणसं लागणार आहेत. त्यातलं कुणी मोहोळ-माढ्याचं असलं, तर कुठला ढग नुसताच गडगडतो आणि कुठला पडतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असेल.