अक्षांश पोटॅशियम, रेखांश टंगस्टन

नगर शहराचा नकाशावरचा पत्ता पूर्ण अंशांत सांगायचा तर १९ उत्तर, ७४ पूर्व. हेच आकडे घेऊन मूलद्रव्यांची आवर्तसारणी उघडली, तर १९ व्या घरात पोटॅशियम आणि ७४ व्या घरात टंगस्टन भेटतं. पहिलं उसाला पालाश म्हणून दिलं जातं. दुसऱ्याची तार अगदी अलीकडेपर्यंत घरोघरच्या पिवळ्या दिव्यात तापून उजळत होती. राहुरी आणि श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद यांचाही पत्ता याच जोडीने सुरू होतो.

अशी कोडी जिओकॅशिंगच्या खेळाडूंना फार आवडतात. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमधल्या रानात एक डबा ठेवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथेच परत ठेवायचा. हौशी मंडळींनी त्यात मूलद्रव्यंही आणली: अणुक्रमांक ओळखून ठिकाणाचे आकडे जुळवायचे आणि एकेक घर भरत सारणी पुरी करत जायची.

खेळ चालतो तोही एका मूलद्रव्याच्या जिवावर. उपग्रहाच्या घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तर अंतर तीनशे मीटरने चुकतं. म्हणून या उपग्रहांत रुबिडियमची, अणुक्रमांक ३७ ची, अणुघड्याळं असतात. मे २०२३ मध्ये इस्रोने सोडलेल्या एनव्हीएस-०१ या, ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन मालिकेतल्या उपग्रहात तर भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे.

पण नगर जिल्ह्यात हा खेळ आकड्यांच्या कोड्यांवरच थांबवू नये. इथं मूलद्रव्यं हाताशी आहेत.

मुळा नदीच्या पात्रातली कोरडी वाळू घ्यावी आणि कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवावं. काळे, चमकणारे बारीक कण कागदाला मिशांसारखे चिकटतात. चुंबक बाजूला केलं की ते सुटून पडतात. हे मॅग्नेटाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेला काळा बेसॉल्ट झिजून ते पात्रात आलं. त्यात लोह असतंच, बहुधा टायटॅनियमही असतं. पोरांना लोहाचं घर इथेच भरता येईल.

याच बेसॉल्टच्या मातीत उसावर ‘केवडा’ पडतो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा आणि पुढे पांढरट होतो. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. खडकात भरपूर लोह असताना ऊस लोहाला भुकेला का? कारण त्याच रानात चुनखडीचे पांढरे खडे असतात. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, तो कर्बवायू. चुन्याने जमीन अल्कधर्मी होते, लोह पाण्यात विरघळेनासं होतं आणि मुळांपर्यंत पोचत नाही. शेतकरी मग हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, फवारतो. लोह, कॅल्शियम, कार्बन आणि गंधक यांचा हा धडा पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहील.

राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचं नाव तर जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहे. तिथल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत ॲपोफिलाइटचे हिरवे, गोळ्यासारखे स्फटिकपुंज सापडले. या खनिजात पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिकॉन आणि फ्लोरिन आहे; हिरवा रंग येतो तो व्हॅनेडियमच्या लवलेशामुळे. १९ क्रमांकाचं मूलद्रव्य अशा रीतीने १९ व्या अक्षांशावरच्या दगडातही निघतं!

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खोदताना चार धातुशिल्पं मिळाली: बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकत्रित वजन साठ किलोहून जास्त. मुख्य धातू तांबं, पण पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांना त्यात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक दिसलं. ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत ते एवढं आढळत नाही, म्हणून त्यांनी शिल्पांच्या काळाविषयीच शंका घेतली. दुसरे पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकर यांच्या मते मात्र ती उत्तर हडप्पाकाळातलीच. ३३ क्रमांकाच्या एका मूलद्रव्यावरून इतिहासाचा वाद उभा राहतो, हे विद्यार्थ्यांना जागेवर उभं करून सांगण्यासारखं आहे.

अर्थात तिथे डबा पुरायचा नाही. उत्खननस्थळी खणणं किंवा दगडातून स्फटिक फोडून काढणं हा खेळ नव्हे. लष्करी छावणीच्या नगर शहरात बेवारस डबा ठेवणंही योग्य नाही. यावर तोड आहे ‘अर्थकॅश’ची: २००४ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या साथीने सुरू झालेल्या या प्रकारात डबाच नसतो. जागेवर जायचं, निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची.

सुरुवात पारनेर तालुक्यातल्या निघोजपासून करावी. कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांत पुराबरोबर गोल फिरणाऱ्या गोट्यांनी बेसॉल्ट घासला गेला आहे. प्रश्न असे असावेत: खळग्याचा काठ गुळगुळीत आहे की खडबडीत? तळाशी गोटे आहेत का? खडकात सर्वांत जास्त असणारी दोन मूलद्रव्यं कोणती? (ऑक्सिजन आणि सिलिकॉन.) पावसाळ्यात मात्र तिकडे फिरकू नये, दिवाळीनंतर पाणी उतरलं की शिक्षकांना बरोबर घेऊन जावं, आणि कोरड्या खळग्याची खोली मोजण्यासाठी दोरी व टेप न्यायला विसरू नये.