तोंड बघून पत्ते कळत नाहीत

आखाडा बाळापूरला चहाच्या टपरीवर गेल्या काही महिन्यांत एकच वाक्य वेगवेगळ्या पोरांकडून ऐकलं: "काका, मोबाइलवरचं पोकर बंद झालं ते बरंच झालं. आता गोव्याला जाऊन टूर्नामेंट खेळायची. समोरच्याचं तोंड बघितलं की कळतंय त्याच्याकडं काय आहे ते."

नाही कळत, बाबा. लग्नघरी तीन पत्ती खेळताना मेव्हण्याचं तोंड 20 वर्षांच्या ओळखीचं असतं; गोव्यातल्या टेबलावर सगळे अनोळखी. मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये एक प्रयोग छापला. वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या चित्रफिती दाखवून खेळाडूचे पत्ते कितपत चांगले असतील, हे लोकांना विचारलं. ज्यांना फक्त चेहरे दाखवले त्यांचे अंदाज फसले. चिप्स सरकवणारे हात पाहिलेल्यांचे त्यापेक्षा बरे निघाले.

आता हे वाचून लोकांच्या हातांकडे टक लावून बसू नका. नवख्याने आधी स्वतःचे हात सांभाळावेत. मोबाइल चूक करूच देत नव्हता. पाळी नसली की बटणच दिसायचं नाही. टेबलावर तसं नाही. थोड्या चिप्स पुढे ठेवून पुन्हा ढिगाकडे हात नेला, तर दुसऱ्या खेपेच्या धरत नाहीत. समोर कुणी रक्कम लावलेली असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली, तर तो कॉल, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम. मनात रेज, म्हणजे रक्कम वाढवायचा विचार होता, हे सांगून उपयोग नाही. उलट पाळीवर 'रेज' म्हणालात की शब्द मागे घेता येत नाही.

हजारो डाव खेळल्याचा अनुभव? मोबाइलवर एका टेबलावर तासाला 60-70 डाव व्हायचे, इथे 25-30. दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात. हिशेब करा, दिवस जातो. तेवढ्यात ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी लावायच्या सक्तीच्या रकमा, वाढत राहतात आणि कंटाळलेला गडी भलत्याच पत्त्यांवर सगळं लावतो.

टूर्नामेंटच्या चिप्स मध्येच मोडून पैसे मिळत नाहीत. जिंकलंच तर 30 टक्के कर, आणि त्यातून गाडीभाडं वजा होत नाही. वय 21 पूर्ण नसेल तर कॅसिनोच्या दारातूनच परत.

राहिलं शेवटचं: "कोर्टानं कौशल्याचा खेळ म्हटलंय, मग इथंच हॉल घेऊन भरवू." 1967 चा सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल रमीचा आहे. त्याच निकालात तीन पत्ती निव्वळ नशिबाची ठरली, आणि खेळ भरवणारा त्यातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असंही म्हटलंय. मोबाइलवरचं पोकर बंद करणाऱ्या ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने तर पैशांच्या ऑनलाइन खेळांत कौशल्य आणि नशीब हा फरकच ठेवला नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही. 2023 मध्ये तोही रद्द झाला. हॉलवाला ओळखीचा असेल तर त्याच्याही कानावर घाला.