लंबकाचा प्रयोग वहीत उतरवताना

साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरणाचं उत्तर जर्नलमध्ये पुष्कळदा नेमकं ९.८१ येतं. उत्तर आधी ठरलेलं असतं, रीडिंगं मागाहून जुळवली जातात. गंमत अशी, की ९.८१ हा साधारण ४५ अक्षांशाचा आकडा. महाराष्ट्रात हे मूल्य ९.७९ च्या आसपास आहे. नक्कल, तीही परगावच्या आकड्याची!

मीटरभर लंबकाचं एक दोलन जेमतेम २ सेकंदांचं. स्टॉपवॉच दाबताना बोटाकडून ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणून २० दोलनं मोजायची. ४० सेकंदांत तेवढी चूक अर्धा टक्काच ठरते. सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्याने उत्तरात तिचा एक टक्का होतो. मग कॅल्क्युलेटरवर ९.७९४६ दिसलं तरी वहीत ९.८ ± ०.१ एवढंच लिहावं.

मोजणी 'शून्य'पासून. बटण दाबताना 'एक' म्हटलं, तर 'वीस' येईपर्यंत १९ च दोलनं होतात आणि उत्तर १०.८६ च्या घरात जातं. असं झालं की मुलं खोडरबर काढतात. पुसू नये, रीडिंगवर एक रेघ मारावी, कारण लिहावं आणि शेजारी नवं रीडिंग घ्यावं.

खरी मजा आलेखात आहे. लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. नुसता दोराच मोजला आणि आडव्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग, उभ्यावर ही लांबी मांडली, तर रेषा सरळच येते, पण आरंभबिंदूतून जात नाही. उभ्या अक्षाला ती शून्याच्या खाली छेदते, आणि ते अंतर म्हणजे राहून गेलेली गोळ्याची त्रिज्या (मध्ये हूक असेल तर तोही). रेषेचा चढ मात्र तोच राहतो. त्याला ४π² ने गुणलं की गुरुत्व त्वरण बरोबर मिळतं. पट्टी आरंभबिंदूला टेकवून रेषा ओढली, की चूक दाखवणारा पुरावाही जातो आणि चढही बिघडतो.

राहिली 'त्रुटींची कारणं'. तिथे 'मानवी चूक, हवेचा परिणाम' हे पिढीजात वाक्य उतरवण्यापेक्षा आकडा द्यावा. लंबक ३० अंशांपर्यंत खेचून सोडला, तर दोलनकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो. १० अंशांना ही वाढ ०.२ टक्क्यांच्या आतच. अर्थात, कोन किती होता हे त्याच वेळी वहीत टिपलेलं हवं. वर्गातला पंखा चालू होता का, तेही.