उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी सांभाळा
लातूर-नांदेड भागात सोयाबीनच्या पेरणीनंतर ट्रॅक्टर बहुधा काढणीपर्यंत उभाच असतो. बॅटरी न वापरताही आतील रासायनिक क्रियेने उतरते. उष्णतेत अधिक वेगाने. तशीच राहिल्यास प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो व ती पूर्ण चार्ज होत नाही. ऐन वेळी ट्रॅक्टर चालू झाला नाही, तर ओल उडते आणि हरभऱ्याची पेरणी लांबते.

याकरिता ट्रॅक्टर महिनाभर उभा ठेवायचा असल्यास बॅटरीची ऋण टोकाची वायर काढावी. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी काही तासांनी मोजल्यास सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली येताच चार्ज करून घ्यावी. इंजिन पाच मिनिटे चालवून ही तूट भरून निघत नाही.