बोरघाटाच्या फोटोंतली माणसं

दर 16 एप्रिलला एक फोटो हमखास फिरतो. पाण्यावर कमानींचा लांब पूल, त्यावर एवढीशी आगगाडी आणि खाली ओळ : ‘भारतातली पहिली रेल्वे, 1853’. आता हिशेब करून पाहा. त्या दुपारी बोरीबंदरहून निघालेली 14 डब्यांची गाडी ठाण्यापर्यंतच गेली होती. खाडीवरचे पूल ठाण्याच्या पुढे, कल्याणच्या वाटेवर आहेत आणि तो मार्ग खुला झाला 1 मे 1854 रोजी. मग पुलावरची ती गाडी पहिली कशी असेल? रेल्वेच्या जुन्या फोटोंकडे बघताना खालच्या ओळीआधी फोटोच नीट वाचावा, तो पुष्कळ सांगतो.

बोरघाटाच्या फोटोंइतकं तर कुठलेच सांगत नाहीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी 1856 मध्ये खोपोलीला पोहोचली, वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे मार्ग 1858 मध्ये सुरू झाला, पण मधला घाट तसाच राहिला. खोपोलीला उतरायचं, पालखीने किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. हे अंतर रुळांनी जोडायची योजना मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांची. पळसदरीपासून वर सुमारे 25 किलोमीटरमध्ये 1,831 फुटांची चढण, 25 बोगदे, 8 मोठे पूल; काही ठिकाणी 37 फुटांमागे 1 फूट चढ.

1856 मध्ये काम सुरू झालं. पावसाळ्याचे चार महिने डोंगरात जवळजवळ काहीच करता येत नसे, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत माणसं राबवली जात. बोगद्याचं तोंड जिथे उभ्या कड्यात होतं, तिथे मजूर दोरांनी वरून लोंबकळत सोडले जात आणि तसेच अधांतरी राहून ते सुरुंगाची भोकं पाडत. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा पेटला. मजूर गोऱ्या देखरेख्यांवर चालून गेले आणि त्यात एक जण मारला गेला. चौकशी झाली. कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांनी काही आठवड्यांतच काम सोडलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी इंग्लंडहून आले आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारले.

ते कंत्राट पुढे नेलं त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी. प्रत्यक्ष कामावर अॅडमसन आणि क्लाउझर हे इंजिनिअर होते, पण कंत्राटाची जबाबदारी अॅलिसबाईंची. विधवेने व्यवहारात उतरू नये असा संकेत त्यांच्या देशातही होता, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं. माणसांची संख्या 1861 च्या सुमारास 40,000 च्या वर गेली. पटकीच्या साथी येत, वस्त्या रिकाम्या होत, पुन्हा नवे लोक येत. आणि याच अॅलिसबाईंनी घाटातल्या कामाचे फोटो काढले.

तेव्हा फोटो काढणं सोपं नव्हतं. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत काळोख्या तंबूत धुवून काढायची. घाटातल्या उन्हात हे सगळं घाईघाईने करावं लागे. उजेडाला काही सेकंद द्यावे लागत. हलणारी वस्तू पुसट होई किंवा नाहीशीच होई. म्हणून त्या काळच्या रेल्वेफोटोंत गाड्या उभ्या असतात आणि ज्या घाटात हजारो हात चालत होते तो निर्मनुष्य वाटतो. पहार हलली की पहार गेली, टोपली उचलणारी बाई हलली की ती गेली. उरतो तो ‘जरा उभा राहा’ असं सांगून कमानीखाली उभा केलेला माणूस, कारण त्याच्यावरून पुलाची उंची कळते. मला या फोटोंतली हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते : ज्याने दगड घडवला, तो फोटोत आला फक्त मोजपट्टी म्हणून.

21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कली आदल्या वर्षीच वारले होते. चारच वर्षांनी, जुलै 1867 मध्ये, इंग्रजी कागदांत ‘महूकी मल्ली’ असं नाव असलेला घाटातला मोठा पूल कोसळला; बांधकाम निकृष्ट होतं.

सगळ्यांत जास्त फोटो निघाले ते खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनचे. मागे नागफणीचा सुळका आणि पुढे दरीच्या काठावर जिथे रूळच संपतात अशी जागा. गाडी तिथे येऊन थांबे आणि उलट दिशेने, वरच्या रुळांवरून, पुढची चढण चढे. एवढ्या थोड्या जागेत वळण घेणं शक्य नव्हतं, त्यावर काढलेली ही युक्ती. 1929 मध्ये नवा मार्ग आणि विजेची इंजिनं आली, तेव्हा हे स्टेशन बंद झालं. गाडीच्या खिडकीतून पाहिलेला तो थांबा सांगणारं आज क्वचितच कुणी सापडेल, फोटो मात्र भरपूर आहेत.

घाट बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचंच मुंबईतलं व्हिक्टोरिया टर्मिनस, वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं. त्याच्या जुन्या फोटोंची तारीख ठरवायला समोरचा रस्ता पाहावा : घोड्यांची ट्राम असेल तर फोटो विजेच्या ट्रामच्या, म्हणजे 1907 च्या, आधीचा.

इमारतींचे आणि पुलांचे फोटो संग्रहालयांनी जपले. गँगमन, फायरमन, पॉइंट्समन यांचे फोटो असलेच तर कर्जत, लोणावळा, इगतपुरी, भुसावळच्या रेल्वे वसाहतींत राहिलेल्या घरांच्या ट्रंकांमध्ये असतील. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी आजच पेन्सिलने, हलक्या हाताने, फोटोमागे नाव, हुद्दा आणि स्टेशन लिहावं. ओळखणारी मोठी माणसं घरात आहेत तोवर.