कंबर धरली, तर अंथरूण धरू नका

लावणीचे दिवस असतात. बाई दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपे लावते. संध्याकाळी ताठ उभी राहू पाहते, तर कमरेत चमक निघते. हमाल पोते उचलतो आणि जागच्या जागी बसतो. घरची माणसे म्हणतात, "कंबर धरली. उसण भरली." दुसऱ्या दिवशी कामावर खाडा. खाडा पडला की मजुरी बुडाली. हातावर पोट असलेल्या घराला हे दुखणे फार महाग पडते. म्हणून ते नीट समजून घेऊ या.

हे दुखणे तुमच्या एकट्याचे नाही. २०२० साली साऱ्या जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता आपल्या पाठीवरून मधोमध हात फिरवा. हाताला गाठी लागतात ना? ते मणके. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५, असे २४ मणके सुटे असतात. खाली माकडहाडाकडचे मणके एकमेकांना जुळून गेलेले असतात. सुट्या मणक्यांमध्ये चिवट, लवचिक गाद्या असतात. मणक्यांच्या मधून नसा निघतात, त्या थेट पायापर्यंत जातात. तंबूचा खांब दोरांनी ताणून उभा राहतो. तसा हा कणा स्नायूंनी धरून ठेवलेला आहे. कमरेच्या ५ मणक्यांवर वरच्या साऱ्या धडाचा भार पडतो. म्हणून कंबर लवकर कुरकुरते.

मग दुखले म्हणजे हाड मोडले काय? नाही. कंबर दुखणाऱ्या १०० माणसांपैकी सुमारे ९० जणांत हाड मोडलेले नसते की मोठा रोगही नसतो. स्नायू ताणला जातो, सांधा आखडतो. काहींची गादी थोडी बाहेर येऊन नस दाबते. मग कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते. तिला सायटिका म्हणतात. तीही बहुतेकांची ऑपरेशन न करता काही आठवड्यांत कमी होते.

पुष्कळ लोक लगेच फोटो काढायला धावतात. कागदावर 'गादी झिजली' असे लिहून येते आणि माणूस हबकतो. पण ज्याची कंबर कधी दुखली नाही, त्याच्याही फोटोत वयाप्रमाणे झीज दिसते. केस पिकतात, तशी गादीही झिजते. तेवढ्याने भिऊ नये.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेतात. दोन दिवसांनी बरे वाटते. लोक म्हणतात, "पाहा, गुण आला!" पण उसण बहुधा आपोआपच उतरते. लाथ न मारता उतरली असती. दुखणे गेले कालाने, नाव झाले लाथेचे. आणि म्हातारपणाने किंवा रोगाने हाड पोकळ झालेले असेल, तर त्या लाथेने मणका दबू शकतो. डाग देणे तर सोडूनच द्या. त्याने कंबर बरी होत नाही, कातडी मात्र जळते. नाव-गाव नसलेल्या पुड्याही घेऊ नका. अशा काही पुड्यांत स्टेरॉइडचे औषध मिसळलेले सापडले आहे. त्याने आज बरे वाटते, उद्या हाडे ठिसूळ होतात.

मग करावे काय? पूर्वी डॉक्टरही आठवडेच्या आठवडे पडून राहा म्हणत. आता तसे सांगत नाहीत. पडून राहिले की स्नायू ढिले पडतात, कंबर आणखी आखडते. फारच कळ असेल तर एखादा दिवस पडावे. मग उठावे, घरात फिरावे, हलके काम धरावे. हालचाल करताना थोडे दुखले म्हणजे आत काही तुटले, असे नव्हे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. त्या रोज खाल्ल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात.

कळ ओसरली की एक व्यायाम करा. उताणे निजून गुडघे दुमडा. कुल्ले हळूच वर उचला. पाच अंक मोजा आणि खाली टेका. झेपेल तसे दहा वेळा करा. आणि चाला. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ माणसांवर एक प्रयोग झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हळूहळू वाढवत नेमाने चालायला शिकवले, त्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी उलटले. बाकीच्यांचे ११२ दिवसांतच उलटले. चालायला पैसा लागत नाही.

ओझे उचलताना ते अंगाशी धरा. उचलता उचलता कमरेत पिळू नका, पाय वळवा. जड पोत्याला दुसऱ्याचा हात लावा. यात कमीपणा कसला? लावणीत, खुरपणीत मधूनमधून उभे राहून पाठ मोकळी करा.

आता महत्त्वाचे. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, जांघेची आणि बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात. कंबरदुखीबरोबर ताप येतो, वजन घटते, रात्री निजूनही कळ थांबत नाही, तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पडल्यावर कंबर दुखू लागली, पूर्वी कर्करोग झालेला असला, किंवा सहा आठवड्यांत उतार पडला नाही, तरीही डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या आळीत कोणी कंबर धरून बसले असेल, तर हा धडा त्याला वाचून दाखवा. मग त्याला हात देऊन उठवा आणि चावडीपर्यंत सोबत चालत न्या.